आंबोलीचा घाट, कानाचे दडे आणि पाण्याखालची भीती

बेळगावहून मालवणला निघालं की शिनोळी मागे पडते, चंदगडचा भाग मागे पडतो आणि आंबोली ओलांडून गाडी घाट उतरायला लागते. तिथं मागच्या सीटवरून कुणीतरी हमखास म्हणतं, "कानाला दडे बसले." मुलं जांभया देतात, मोठी माणसं आवंढे गिळतात. दाणोली येईपर्यंत कान मोकळे होतात आणि सगळे ते विसरून जातात. स्कुबाला, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून समुद्राखाली उतरायला निघालेल्यांनी मात्र ते विसरू नये.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, आंबोली सुमारे ६९० मीटरवर. हा सगळा उतार उतरल्यावर हवेचा दाब वाढतो किती, तर साधारण आठ-नऊ टक्के. समुद्रात तेवढाच दाब वाढायला एक मीटर पाणीसुद्धा लागत नाही. अख्ख्या घाटाने जे केलं ते पाण्यात कमरेएवढ्या खोलीत होतं, आणि तेही दोन-तीन सेकंदांत. दहा मीटर खाली गेलात तर दाब थेट दुप्पट होतो. म्हणून पहिल्यांदा उतरणाऱ्या माणसाला डोकं पाण्याखाली जाताच "काहीतरी बिघडलंय" असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं. कान फक्त घाटातलीच तक्रार करत असतात, पण फार जोरात.

मी खानापूर तालुक्यातली. वडिलांनी पाठीला वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवलं. बुडी मारून तळातला गोटा आणायचा, हा आमचा खेळ. त्यामुळे काही वर्षांपूर्वी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पहिल्यांदा स्कुबाला उतरले, तेव्हा घरच्या कुणालाच माझी काळजी नव्हती. मलाही नव्हती. जेमतेम दोन मीटर खाली गेले, डोळे-नाक झाकणाऱ्या काचेच्या मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं, ते नाकात गेलं आणि मी घट्ट श्वास धरला. दुसऱ्या क्षणी छातीत अशी घालमेल झाली की तोंडातली नळी काढून फेकावीशी वाटली. माझ्या खांद्याचा पट्टा धरून असलेल्या मालवणी मुलाने माझ्या चेहऱ्यासमोर हात आणला आणि ओठांपासून पुढे, सावकाश, लांबवर नेला. सोडा. श्वास सोडा. मी सोडला. बुडबुड्यांचा लोट वर गेला आणि डोकं थोडं ताळ्यावर आलं. आम्ही हळूहळू वर आलो. बोटीला धरून उभी राहिल्यावर तो म्हणाला, "काकू, घाई नाय. पण आज पुरे." तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आज वाटतं, त्या दिवशी बोटीवर सगळ्यात शहाणं बोलणं तेच होतं.

त्या वेळी माझ्या शरीरात काय चाललं होतं ते नंतर वाचून, विचारून समजून घेतलं. ते नीट कळलं की निम्मी भीती आटोक्यात येते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असा आपल्याकडे सर्रास समज आहे. हौशी डायव्हिंगच्या सिलिंडरमध्ये बहुतेक वेळा साधीच हवा असते, दाबून भरलेली. तोंडात धरायच्या रेग्युलेटरचं काम असं की आपण श्वास ओढला की भोवतालच्या पाण्याचा जितका दाब असेल तितक्याच दाबाने हवा द्यायची. जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघा फ्रेंचांनी १९४३ मध्ये हे यंत्र घडवलं आणि तत्त्व आजही तेच आहे. म्हणजे हवा कमी पडत नाही. तरी गुदमरल्यासारखं का वाटतं?

कारण श्वास घ्यावासा वाटणं हे मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्यामुळे होत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला की मेंदू ओरडतो, "श्वास घे." आपण शांत बसलेले असतो तेव्हा एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा आत जाते. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर घसा आणि श्वासनळीतच राहते, फुप्फुसाच्या कामी येत नाही. उरली ३५०. आता घाबरून तुम्ही छातीच्या वरच्या वर, भराभर, अर्धे अर्धे श्वास घेऊ लागलात, समजा २५० मिलिलिटरचे. त्यातले १५० वजा करा. कामाची हवा फक्त १००. श्वास निम्मा झाला, पण उपयोग तिपटीहून जास्त घटला. शिवाय रेग्युलेटरमधली पोकळी असते, तिथली वापरलेली हवा पुन्हा आत येते ती वेगळीच. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, मेंदू आणखी ओरडतो, माणूस आणखी भराभर श्वास ओढतो. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतण्यासारखं आहे हे. आधी घागर रिकामी करायला हवी.

म्हणूनच तो मुलगा "श्वास घ्या" म्हणत नव्हता, "सोडा" म्हणत होता. घाबरलेल्या डायव्हरने सिलिंडरमध्ये भरपूर हवा असताना तोंडातला रेग्युलेटर ओढून काढण्याचे प्रकार घडतात, त्याचं कारण हेच. त्याला ती नळीच गळा दाबते आहे असं वाटतं.

आता विहिरीत शिकलेल्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी एक गोष्ट ठळकपणे. बुडी मारताना आपण वरच्या हवेचा एक श्वास घेतो आणि दम धरतो. ती हवा खाली दाबली जाते आणि वर येताना पुन्हा मूळ आकाराला येते. स्कुबात आपण खालीच, दाबाखालची हवा छातीत भरतो. दहा मीटरवर भरलेला श्वास तसाच धरून वर आलात तर तो दुप्पट फुगू पाहणार, आणि छातीला तेवढी जागा नाही. फुप्फुसाला इजा व्हायला दहा मीटरही लागत नाहीत, छाती गच्च भरून एक-दीड मीटर वर येणंही धोक्याचं ठरू शकतं. म्हणून स्कुबाचा पहिला नियम एकच, श्वास कधीही धरायचा नाही. चांगला पोहणारा घाबरला की नेमकं तेच करतो, कारण लहानपणापासून त्याच्या अंगात तेच मुरलेलं असतं. "आम्हाला पोहायला येतं, आम्हाला काय शिकवता," असं म्हणणाऱ्यांनी इथं थांबून विचार करावा. प्राणायाम करणाऱ्यांनाही हेच सांगणं. दीर्घ रेचकाची, म्हणजे लांब श्वास सोडण्याची तुमची सवय पाण्याखाली सोन्यासारखी आहे, पण कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, घरी ठेवून या.

ही तयारी मालवणच्या जेटीवर होत नाही, घरी करावी लागते. मी पुढच्या खेपेआधी महिनाभर जे केलं ते असं. संध्याकाळी ओसरीवर पसरट घंगाळात पाणी घ्यायचं, तोंडात स्नॉर्कल, म्हणजे श्वास घ्यायची वाकडी नळी धरायची, मास्क न लावता चेहरा पाण्यात घालायचा आणि फक्त तोंडाने श्वास घ्यायचा. नाक उघडं, पाण्यात. पहिल्या दिवशी मला तीन श्वास जमले नाहीत. नाकाला पाणी लागलं की शरीर आपोआप श्वास अडवतं, ती जुनी प्रतिक्रिया आहे. आठवडाभरात मिनिटभर टिकले. चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, सात-आठ आकडे मोजत सोडायचा, मध्ये थांबायचं नाही. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके उतरतात, हे मनगटावर बोट ठेवून स्वतः बघता येतं. शेजारी कुणीतरी बसलेलं असू द्या, एकट्याने करू नका. बेळगावात राहणाऱ्यांना तर गोवावेसचा पोहण्याचा तलाव आहे. छातीएवढ्या पाण्यात मास्क काढणं, पुन्हा लावणं, आत शिरलेलं पाणी नाकाने जोरात फुंकून बाहेर काढणं, हे दहा वेळा केलं की समुद्रात मास्कमध्ये पाणी येणं ही घटना उरत नाही.

कानाचंही तसंच. नाक चिमटीत धरून तोंड मिटून हळू फुंकर मारायची. कान 'पुट्' करून उघडतात. घाटात दडे बसायची वाट न बघता, बसण्याआधीच दर वळणावर हे करून बघा. पाण्यात अर्धा-एक मीटर गेलं की एकदा, पुन्हा तेवढंच गेलं की पुन्हा. दुखायला लागल्यावर जोर लावायचा नाही, थोडं वर येऊन मग प्रयत्न करायचा. आणि आंबोली उतरताना सर्दीमुळे तुमचे कान उघडलेच नाहीत, तर त्या दिवसाचा निकाल घाटातच लागला असं समजा. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरू नका. गोळीचा असर खालीच संपला तर वर येताना कानातली हवा अडकते आणि तेव्हा थांबून राहायला सिलिंडरमधली हवा मोजकीच असते.

आता आपल्या भागाची खास अडचण. किनाऱ्यावर राहणारा माणूस आज समुद्र खवळलेला आहे म्हणून उद्या येतो. आपण घाटावरचे लोक एका दिवसाचा बेत आखतो. पहाटे साडेतीनला निघायचं, घाटात मळमळणार, सकाळी काहीतरी पोटात ढकलायचं, बोटीत चढायचं आणि रात्री घरी परतायचं, कारण सोमवारी शाळा किंवा दुकान. झोप नाही, पोटात ढवळतंय, बारा जणांचे पैसे भरलेले. अशा वेळी "मला नको वाटतंय" हे वाक्य कुणाच्या तोंडून बाहेर पडेल? आणि आपल्याकडे एक शब्द आहे, प्रेमाने बोललेला, पण इथं घात करणारा. "चल की." "काय होत नाही की." घाबरलेल्या माणसाला याने धीर येत नाही. त्याच्या बोलण्याला जागाच उरत नाही.

म्हणून मर्यादा बोटीवर ठरवायची नाही, आदल्या दिवशी घरी ठरवायची, आणि बरोबरच्यांना सांगून ठेवायची. सहा तास झोप झाली नाही तर उतरणार नाही. सर्दी असेल तर नाही. आदल्या रात्री दारू घेतली असेल तर नाही. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पूर्वी कधी पॅनिकचा झटका आला असेल किंवा बंद जागेत जीव घाबरा होत असेल, तर तेही डॉक्टरांशी बोलायचंच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. भीती शमवणारी गोळी परस्पर घेऊन तर मुळीच जाऊ नये, तिने सुस्ती येते आणि पाण्याखाली सुस्ती भीतीपेक्षा वाईट. आमच्या पहिल्या खेपेला आरोग्याचा फॉर्म बोटीत हातात दिला होता, इंग्रजीत, आणि वाऱ्यात फडफडणाऱ्या त्या कागदावर आम्ही सगळ्यांनी न वाचता सह्या केल्या. फॉर्म आधी मागून घ्या, घरी वाचा, खरं लिहा.

भाषेचाही प्रश्न आहे. मालवणला मराठीत समजावतात, पण आपल्याकडची पुष्कळ मंडळी मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटालाही जातात. तिथं पाणी जास्त नितळ असतं, मात्र बेट किनाऱ्यापासून लांब, उघड्या समुद्रात आहे आणि बोटीचाच प्रवास तास-दीड तासाचा. सूचना कन्नड किंवा इंग्रजीत मिळू शकतात. बाजारापुरतं कन्नड येणं आणि जिवाशी संबंध असलेल्या सूचना कन्नडमधून समजणं यात फरक आहे. एखादी गोष्ट कळली नाही तर पुन्हा विचारा, तिसऱ्यांदा विचारा. खुणा तर पक्क्या पाहिजेतच. अंगठा वर केला की पाण्याखाली त्याचा अर्थ "झकास" होत नाही, "वर चला" होतो. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. पंजा आडवा धरून डावा-उजवा हलवला की काहीतरी अडचण, मग ती जिथं आहे तिथं, कानाकडे किंवा मास्ककडे, बोट दाखवायचं.

बोटीवर बसल्यावर भीती वाटणारच. छाती धडधडणं, तोंडाला कोरड, दोनदा लघवीला जाऊन आल्यावरही पुन्हा जावंसं वाटणं, हे साधं आहे. अनुभवी डायव्हरलाही नवीन ठिकाणी हे होतं. प्रश्न एवढाच की ही भीती उतरते की चढते. पाच-दहा मिनिटं लांब उच्छ्वास करून बघा. त्यानंतर सूचना देणाऱ्याने सांगितलेल्या चार गोष्टी आपल्या शब्दांत परत सांगून बघा. जमलं तर डोकं जागेवर आहे. सूचना कानावरून गेल्या, एकही शब्द आठवत नाही, आणि उतरण्याआधीच "कधी एकदा संपतंय" असं वाटतंय, तर ती भीती वेगळी आहे. पॅनिकच्या आधी माणसाचं लक्ष असंच आकसत जातं. नेहमी बडबड करणारा अचानक गप्प झाला किंवा गप्प माणूस उगाच हसू लागला, तर बरोबरच्यांनी ओळखावं. आणखी एक प्रश्न मी स्वतःला विचारते. बरोबर कुणी नसतं, फोटो काढायचा नसता, तर मी आज उतरले असते का?

गेल्या खेपेला माझी भाची बरोबर होती. बावीस वर्षांची, धीट मुलगी. गळ्यापर्यंत जॅकेट चढवून बोटीच्या कडेला बसली होती, मास्क कपाळावर. तिचे दोन्ही हात बोटीची कड धरून होते आणि बोटांची नखं पांढरी पडली होती. मी विचारलं, "नाकात पाणी गेलं तर काय करायचं सांगितलं त्यांनी?" ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, मला काही ऐकूच आलं नाही." माझ्या तोंडावर "चल की" आलं होतं. इतक्या लांबून आलोय, पैसे भरलेत, सगळं आलं होतं. मी तिच्या पाठीची क्लिप सोडवली. तिने जॅकेट उतरवलं, पाय दुमडून फळीवर बसली आणि थोड्या वेळाने तिच्या बोटांचा रंग परत आला. डायव्हिंगच्या जगात एक जुना नियम आहे, कुणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह रद्द करू शकतो आणि त्याला कुणी जाब विचारायचा नाही. त्या दिवशी परतीच्या बोटीत मी सगळ्यांना तेवढंच सांगितलं आणि कुणी विषय काढला नाही.

मी मात्र उतरले. खाली पाच-सहा मीटरवर मास्कमध्ये पुन्हा पाणी आलं. हलायचं थांबले. श्वास सोडला, पूर्ण, पोट आत जाईपर्यंत. समोरच्या एका खडकावर नजर रोवली, त्यावर शेवाळाचा हिरवा ठिपका होता, तो बघत आणखी दोन श्वास. मग डोकं किंचित वर करून, मास्कची वरची कड दाबून नाकाने फुंकर. पाणी गेलं. थांबा, श्वास सोडा, विचार करा, मग हात हलवा, हा क्रम जगभर शिकवतात. मला तो खरा वाटला तो त्या ठिपक्याकडे बघताना. जमलं नसतं तर अंगठा दाखवून, सावकाश, श्वास सोडत वर आले असते. वेग मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे आपलेच बारीक बुडबुडे आपल्या पुढे वर जात राहिले पाहिजेत. सोबतचा प्रशिक्षक पट्टा धरून असतो, तो वेग सांभाळतो. आपण त्याला ओढून वर न्यायचं नाही एवढंच.

परतीच्या घाटाबद्दलही बोललं पाहिजे, कारण हे किनाऱ्यावर कुणी सांगत नाही. त्यांना घाट चढायचा नसतो. दाबाखाली श्वास घेताना शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर तासन् तास हळूहळू निघून जातो. तो निघायच्या आत आणखी उंचावर, कमी दाबात गेलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणूनच डाइव्हनंतर लगेच विमानात बसत नाहीत. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केल्यास किमान १८ तास थांबायला सांगते, आणि ही शिफारस सुमारे ६०० मीटर उंचीइतक्या दाबापासून लागू होते. आंबोली ६९०, बेळगाव ७५०. विमान असो की आपली जीप, शरीराला फक्त दाब कळतो. पंधरा मिनिटांच्या उथळ पहिल्या डाइव्हमध्ये नायट्रोजन थोडाच साठतो, तेव्हा धोकाही कमी असतो. पण कोर्स करणाऱ्यांनी, दिवसात दोन-तीन डाइव्ह करणाऱ्यांनी त्याच संध्याकाळी घाट चढू नये. सांधेदुखी, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा, अंगावर चट्टे, न समजणारा थकवा, चक्कर, यातलं काही दिसलं तर ताबडतोब दवाखाना गाठावा आणि "आज स्कुबा केलं" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावं.

मुक्काम ठरला की बाकीच्या गोष्टीही सोप्या होतात. आदल्या दिवशी दुपारी बेळगाव सोडायचं, रात्री तारकर्लीला झोपायचं, सकाळी ताज्या डोक्याने पाण्यात. उतरावंसं वाटलं नाही तर दुसरी सकाळ हाताशी असते. पहिल्याच सकाळी उतरलात तर तिसऱ्या दिवशी दुपारचं जेवण करून निघालं तरी दिवेलागणीपर्यंत शिनोळी येते; दुसऱ्या सकाळी उतरलात तर घाट चौथ्या दिवशी चढायचा.